पोचलास की फोन कर: तेंबीचा रेल्वे अपघात आणि दोन वर्षं चढत गेलेला राग

शाळेच्या पटांगणात मुलांनी आपली दप्तरं एकाला एक लावून ठेवली. वरून फोटो काढला तेव्हा दप्तरांची अक्षरं झाली होती आणि अक्षरांचं वाक्य: "पारे मे ओतान फ्तासिस". ग्रीक न येणाऱ्या मराठी माणसालाही या चार शब्दांचा अर्थ फार समजावून सांगावा लागत नाही. गाडी हलता हलता फलाटावरचं माणूस खिडकीच्या गजांशी तोंड नेऊन जे सांगतं तेच ते. पोचलास की फोन कर.

मार्च २०२३ मध्ये हे वाक्य ग्रीसभर फलकांवर आणि भिंतींवर दिसू लागलं. २८ फेब्रुवारीच्या रात्री अथेन्सहून थेसालोनिकीला निघालेली प्रवासी गाडी समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली होती. ५७ माणसं गेली. त्यांत विद्यार्थी बरेच होते.

अपघातानंतर लोक रस्त्यावर उतरतात, मंत्री राजीनामा देतो, चौकशी समिती बसते आणि चार-सहा महिन्यांत सगळं थंडावतं, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. तेंबीचं प्रकरण अभ्यासायला घ्यावं ते याच कारणासाठी, की इथे तो क्रम मोडला. सर्वात मोठा मोर्चा अपघाताच्या आठवड्यात निघाला नाही. तो निघाला बरोबर दोन वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०२५ ला. मधल्या काळात निवडणूक झाली होती, तेच सरकार पुन्हा निवडून आलं होतं आणि राजीनामा दिलेले मंत्रीही आपल्या मतदारसंघातून पुन्हा जिंकले होते. असं असताना राग उतरायच्या ऐवजी चढला कसा?

ती रात्र

२७ फेब्रुवारीला ग्रीसमध्ये 'स्वच्छ सोमवार' होता. ईस्टरआधीचे उपवास त्या दिवशी सुरू होतात. लोक गावाबाहेर जातात, पतंग उडवतात, त्यामुळे आपल्याला चटकन संक्रांत आठवावी असा तो सण. जोडून आलेली सुट्टी संपवून मंगळवारी रात्री मुलं थेसालोनिकीला, विद्यापीठाच्या गावी, परत निघाली होती. गाडीत साडेतीनशेच्या आसपास माणसं. वाटेत एका स्टेशनाजवळ ओव्हरहेड वायरचा घोटाळा झालेला, म्हणून गाडी आधीच उशिरा धावत होती.

लारिसा स्टेशनातून ती पुढे सुटली. बाहेर पडताना जो सांधा लागतो तो आधीच्या एका गाडीसाठी फिरवलेला होता आणि तसाच राहिला. उत्तरेकडे निघालेली गाडी त्यामुळे दक्षिणेकडच्या गाड्यांच्या रुळावर गेली. आपल्या भाषेत, डाउनची गाडी अपच्या रुळावर. मोटरमनने वायरलेसवर निघू का विचारलं, स्टेशन मास्तरांनी निघा सांगितलं. पुढची सुमारे बारा मिनिटं दोन गाड्या एकाच रुळावर एकमेकींकडे धावत होत्या. मार्ग दुहेरी होता, विजेचा होता, शेजारचा रूळ मोकळा होता. रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी, ऑलिंपस आणि ओसा या डोंगरांमधल्या तेंबीच्या खिंडीजवळ टक्कर झाली आणि आगीचा प्रचंड लोळ उठला. पुढच्या डब्यांचा चुरा झाला आणि उपाहाराचा डबा पेटला. अनेकांची ओळख डीएनएवरूनच पटवावी लागली.

त्या बारा मिनिटांत ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. लारिसाच्या पुढचा मार्ग एका ठिकाणी बसून दिसावा अशी जी दूरनियंत्रणाची व्यवस्था होती ती २०१९ मध्ये आगीत गेली होती आणि पुरती पूर्ववत झालेली नव्हती. गाडी चुकीच्या रुळावर गेली तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही चालू नव्हती. सगळा कारभार मास्तर, वायरलेस आणि नोंदवही यांच्यावर. मास्तर एकोणसाठ वर्षांचे होते, पण या कामात नवखे. थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण घेऊन काही आठवड्यांपूर्वीच तिथे रुजू झालेले. ज्यांनी त्या वेळी स्टेशनात असायला हवं होतं असे दोन सहकारी पाळी संपायच्या आधीच घरी गेले होते, हेही तपासात पुढे आलं.

'मानवी चूक' आणि कंत्राट ७१७

दुसऱ्या दिवशी मास्तरांना अटक झाली. वाहतूक मंत्री कोस्तास कारामानलिस यांनी राजीनामा दिला, तीन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. पंतप्रधान किरियाकोस मित्सोताकिस दूरचित्रवाणीवर म्हणाले की सगळं पाहता ही मुख्यतः एक दुःखद मानवी चूक दिसते.

मला वाटतं सरकार पहिल्यांदा घसरलं ते इथे. मास्तरांची चूक झाली नव्हती असं कुणीच म्हणत नव्हतं. पण एका माणसाच्या डोक्यावर खापर फोडायचं तर बाकीचे कागद बाहेर नसावे लागतात. इथे ते आधीच बाहेर होते.

२०१४ मध्ये सिग्नल आणि दूरनियंत्रण सुधारण्यासाठी युरोपीय निधीतून एक कंत्राट दिलं गेलं होतं. ग्रीसमध्ये ते '७१७' या क्रमांकाने ओळखलं जातं. काम दोन वर्षांत व्हायचं होतं. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत २०२३ उजाडलं. अपघाताच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, स्वयंचलित सुरक्षा यंत्रणेच्या कामाशी संबंधित एका जबाबदार अधिकाऱ्याने यंत्रणा चालत नाही म्हणून पद सोडलं होतं. ७ फेब्रुवारी २०२३ ला, म्हणजे टक्करीच्या तीन आठवडे आधी, रेल्वे कामगारांच्या संघटनेने पत्रक काढून बजावलं होतं की येऊ घातलेला अपघात होऊन पुढाऱ्यांनी नक्राश्रू ढाळायची आम्ही वाट पाहणार नाही. १५ फेब्रुवारीला युरोपीय आयोगाने रेल्वेविषयक नियम पाळले नाहीत म्हणून ग्रीसला युरोपीय न्यायालयात खेचलं. आणि २० फेब्रुवारीला संसदेत विरोधकांनी सुरक्षेचा प्रश्न काढला तेव्हा याच मंत्रिमहोदयांनी, असा प्रश्न विचारता याची लाज वाटायला हवी, अशा शब्दांत त्यांना गप्प केलं होतं. आठ दिवसांनी ती चित्रफीत देशातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होती.

५ मार्चला पंतप्रधानांनी फेसबुकवर माफी मागितली. मानवी चुकीच्या आड आपल्याला लपता येणार नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. पण तोवर रस्त्यावरची घोषणा ठरून गेली होती: हा अपघात नव्हे, हा गुन्हा आहे.

पहिली लाट

१ मार्चलाच अथेन्समध्ये रेल्वे कंपनीच्या कचेरीसमोर लोक जमले, दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. ही कंपनी एकेकाळी सरकारी होती. ग्रीस कर्जात बुडाला त्या कर्जसंकटाच्या काळात, कर्ज देणाऱ्यांच्या अटींपायी ती २०१७ मध्ये इटलीच्या सरकारी रेल्वेला ४ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. रूळ, सिग्नल आणि स्टेशन मास्तर मात्र ग्रीक सरकारच्या वेगळ्या संस्थेकडेच राहिले. गाडी एकाची, रूळ दुसऱ्याचे, आणि नोकरकपातीने दोन्हीकडची माणसं घटलेली. कुठल्या दारावर जाऊन ओरडायचं हेच लोकांना धड कळेना, म्हणून ते दोन्ही दारांवर गेले आणि शेवटी संसदेसमोर सिंतागमा चौकात आले.

रेल्वे कामगार संपावर गेले. ५ मार्चच्या रविवारी चौकात हजारो लोक जमले आणि मृतांसाठी काळे फुगे आकाशात सोडले. ८ मार्चला सरकारी कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप झाला. त्याच दिवशी महिला दिन, त्यामुळे बायकांचे मोर्चे त्यात मिसळले आणि अथेन्सच्या रस्त्यांवर कित्येक हजार माणसं उतरली. १६ मार्चला सार्वत्रिक संप झाला. या मोर्च्यांत ठळक होती ती विशीच्या आतबाहेरची मुलं. कर्जसंकट सुरू झालं तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती. मोठं होईपर्यंत त्यांनी ऐकलं ते 'पैसे नाहीत' एवढंच, आणि आता त्यांच्याच वर्गातली मुलं त्या 'पैसे नाहीत'मध्ये गेली, असा त्यांचा हिशोब होता.

मग मे-जूनमध्ये निवडणुका आल्या. मित्सोताकिस यांच्या न्यू डेमोक्रसी पक्षाला ४० टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि सरकार पूर्ण बहुमताने परतलं. सेरेसमधून कारामानलिसही निवडून आले.

आपल्याकडे रेल्वे अपघात आणि राजीनामा म्हटलं की १९५६ मधल्या अरियलूर अपघातानंतरचे लालबहादूर शास्त्री आठवतात, आणि राजीनामा म्हणजे जबाबदारीची शेवटची पायरी असं आपण धरून चालतो. ग्रीसमध्ये लोकांनी पाहिलं की राजीनामा तीन महिन्यांत धुऊन निघतो.

या निकालाचा अर्थ बाहेरच्या बऱ्याच लोकांनी 'ग्रीक लोक विसरले' असा लावला. मला तो पटत नाही. कंत्राट ७१७ सही झालं ते एका सरकारच्या काळात, रखडलं ते डाव्या सिरिझा पक्षाच्या काळात, आणि पुन्हा रखडलं न्यू डेमोक्रसीच्या काळात. मतपत्रिकेवर जी नावं होती ती लोकांच्या लेखी एकाच माळेचे मणी होते. तेंबीच्या रागाला मत द्यायला जागाच नव्हती. तो राग मतपेटीत गेला नाही, याचा अर्थ तो संपला असा नाही.

माती

आता या प्रकरणातला मधला आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा भाग. ग्रीक भाषेत एक शब्द आहे, 'बाझोमा'. खड्ड्यात भराव टाकून तो बुजवणं. तेंबीनंतर हा शब्द रोजच्या बोलण्यात आला.

टक्कर झाली त्या जागेवरची वरची माती अपघातानंतर काही दिवसांतच उचलली गेली आणि तिथे खडी टाकून जागा सपाट केली गेली. सरकारचं म्हणणं, अवजड क्रेन उभ्या करायला कठीण जमीन लागत होती. हे म्हणणं सरसकट खोटं ठरवायचं कारण नाही. दबलेले डबे उचलायचे तर क्रेन लागणारच. पण जिथून हाडांचे तुकडे आणि रसायनांचे नमुने वेचायचे ती जागा, तपास पुरा व्हायच्या आत, कुणाच्या सांगण्यावरून बदलली, याचं उत्तर महिनोन्महिने कुणी दिलं नाही. घरच्यांना तिथून आपल्या माणसाचं काहीतरी मिळायचं होतं.

याच्याच जोडीला आगीचा प्रश्न. एवढा मोठा लोळ कशाचा? एक शक्यता अशी की मालगाडीत नोंद नसलेलं ज्वलनशील रसायन होतं. दुसरी अशी की इंजिनांच्या ट्रान्सफॉर्मरमधलं सिलिकॉन तेल पेटलं. यावर तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांशी भांडत राहिले. पंतप्रधानांनी सुरुवातीला, मालगाडीत संशयास्पद काही नव्हतं, असं खात्रीने सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मधल्या मुलाखतीत त्यांनी ती खात्री सैल केली. रसायनाचा संशय खरा निघो वा खोटा, मातीचा प्रश्न त्यावर अवलंबून नाही हे मात्र वादाच्या धुरळ्यात सारखं निसटत होतं. माती जागेवर असती तर वाद तिथेच मिटला असता.

मार्च २०२४ मध्ये एका वृत्तपत्राने आणखी एक गोष्ट बाहेर काढली. अपघातानंतर लगेच माध्यमांतून जे वायरलेसवरचं संभाषण सगळ्या देशाने ऐकलं, आणि ज्यातून सगळा दोष मास्तरांचाच वाटत होता, ते वेगवेगळे तुकडे जोडून बनवलेलं होतं, असा त्या बातमीचा दावा होता. सरकारने आपला त्याच्याशी संबंध नाकारला. अविश्वास ठराव आला आणि १५९ विरुद्ध १४१ मतांनी पडला. त्याच सुमारास संसदीय चौकशी समितीत सत्ताधारी बहुमताने, मंत्र्यांवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असा निष्कर्ष काढला होता.

हे बहुमत एवढं निर्णायक का, तर ग्रीसच्या राज्यघटनेत कलम ८६ आहे. मंत्र्यावर त्याच्या कामकाजातल्या गुन्ह्यासाठी खटला भरायचा की नाही हे न्यायालय ठरवत नाही, संसद ठरवते. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने कंत्राट ७१७ प्रकरणी २३ जणांवर आरोप ठेवले, त्यांत सरकारी अधिकारी होते. मंत्र्यांपर्यंत मात्र या कार्यालयाचा हात पोचेना, कारण मध्ये कलम ८६ उभं.

इथे पुढे आल्या मारिया कारिस्तियानू. थेसालोनिकीच्या बालरोगतज्ज्ञ. त्यांची वीस वर्षांची मुलगी त्या गाडीत होती. मृतांच्या नातेवाइकांच्या संघटनेच्या त्या अध्यक्षा झाल्या. मंत्र्यांचं कवच काढावं अशा मागणीच्या अर्जावर १३ लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि तेही सुमारे एक कोटी वस्तीच्या देशात. आंदोलनाला आता असा चेहरा मिळाला ज्याच्या मागे कुठलाच पक्ष नव्हता. शिवाय आंदोलनाची मागणी बदलली. मार्च २०२३ मध्ये लोक म्हणत होते, रेल्वे सुधारा. आता ते म्हणत होते, आमच्यापासून काय दडवलंत ते सांगा. पहिल्या मागणीला सरकार नव्या यंत्रणेची तारीख देऊन मोकळं होऊ शकत होतं. दुसरीला तारीख पुरत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे एकदा माणसाच्या मनाने घेतलं की दर खुलासा त्या ओलीत भरच टाकतो.

"मला ऑक्सिजन नाही"

जानेवारी २०२५ मध्ये आपत्कालीन ११२ क्रमांकावर आलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. आपल्याकडेही आता हाच क्रमांक आहे. टक्कर झाल्यानंतर डब्यातून केलेला तो फोन. त्यात ऐकू येणारे तीन शब्द: "देन एहो ओक्सिगोनो". मला ऑक्सिजन नाही.

दोन वर्षं लोक अशी समजूत घालून घेत होते की गेले ते क्षणात गेले. या फोनने ती समजूत काढून घेतली. टकरीनंतरही काही माणसं जिवंत होती, शुद्धीवर होती आणि आगीत गुदमरत होती. म्हणजे आग कशाची हा प्रश्न प्रयोगशाळेतला उरला नाही.

२६ जानेवारीच्या रविवारी देशभरातल्या गावांत आणि परदेशातल्या ग्रीक वस्त्यांत लोक जमले. हातात एकच वाक्य होतं. पक्षांचे झेंडे जवळजवळ दिसेनात. म्हातारी माणसं, बाबागाड्या ढकलणारे आईबाप, याआधी कधी मोर्च्याला न गेलेले दुकानदार. संघटनांनी बोलावलं म्हणून आलेली ही गर्दी नव्हती.

२७ फेब्रुवारीला अपघात तपासणाऱ्या नव्या स्वतंत्र संस्थेचा अहवाल आला. तुटपुंजं प्रशिक्षण, अपुरी माणसं, न चाललेल्या यंत्रणा हे सगळं त्यात होतंच. पण अपघाताच्या जागेची व्यवस्था नीट न ठेवल्यामुळे पुरावे गेले, हेही आता एका अधिकृत कागदावर आलं. आंदोलक दीड-दोन वर्षं जे ओरडत होते ते सरकारी शिक्क्यानिशी छापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सार्वत्रिक संप होता. विमानं उडाली नाहीत, जहाजं बंदरात उभी, दुकानांची शटरं खाली. देशात अडीचशेहून जास्त ठिकाणी सभा झाल्या, लाखो माणसं रस्त्यावर आली. सिंतागमा चौक एवढा भरला की आजूबाजूच्या रस्त्यांवरच्या लोकांना व्यासपीठ दिसतही नव्हतं. शेवटी तोंड झाकलेल्या टोळक्यांनी पेट्रोलबाँब फेकले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि संध्याकाळच्या बातम्यांत तेच जास्त दिसलं, हे ओघानेच आलं.

हाती काय लागलं

मार्चमध्ये पुन्हा अविश्वास ठराव आला. १५७ विरुद्ध १३६. पडला. मंत्रिमंडळात फेरबदल झाले, वाहतूक खातं दुसऱ्याकडे गेलं. अपघाताच्या जागेच्या प्रकरणी एका उपमंत्र्याची चौकशी सुरू झाली आणि त्यांनी पद सोडलं. उन्हाळ्यात संसदेने कारामानलिस यांचंही प्रकरण न्यायाधीशांकडे पाठवलं, पण कर्तव्यात कसूर केल्याच्या सौम्य आरोपाखाली. नातेवाइकांना हे पसंत नव्हतं. तरी कलम ८६ च्या भिंतीला दोन वर्षांपूर्वी एवढीही फट पडली नसती, असं मी म्हणेन.

सिंतागमा चौकात, संसदेसमोरच्या अज्ञात सैनिकाच्या स्मारकापुढे, फरशीवर लाल रंगाने ५७ नावं लिहिलेली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एका मुलाचा बाप तिथेच तंबू ठोकून उपोषणाला बसला. मुलाचे अवशेष उकरून त्यांची रासायनिक तपासणी करावी, एवढंच त्याचं मागणं. गुदमरून गेला की कशाने, ते त्याला कळायला हवं होतं. अधिकारी आधी नाही म्हणत होते. रोज संध्याकाळी चौकात माणसं वाढत गेली. तेविसाव्या दिवशी परवानगी मिळाली आणि त्याने उपोषण सोडलं.

उपोषण सुटलं त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सरकारने संसदेत कायदा करून त्या स्मारकासमोर निदर्शनं करायला बंदी घातली. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास. जागेची देखभाल संरक्षण खात्याकडे दिली. सैनिकाच्या स्मारकाचा मान राखण्यासाठी हे केलं, असं सरकार म्हणतं. लाल अक्षरांतली नावं पुसायची का, हा वाद त्या दिवसापासून सुरू आहे.

अपघाताचा मुख्य खटला ३६ आरोपींवर आहे. सुनावणी सुरू होण्यासाठी तारीख ठरली ती २३ मार्च २०२६, आणि गाव लारिसा, जिथून त्या रात्री गाडी चुकीच्या सांध्यावरून निघाली.